सासूबाईंच्या दाराची बखर

श्री. आधी नमन रंगदेवतेस, मग नमन खेळ पाहणाऱ्या रयतेस, आणि तिसरे नमन, जे साष्टांग घालावे लागते, ते जाहिरात देणाऱ्या सावकारांस, की त्यांचे कृपेवाचून पहिली दोन दैवते उपाशी. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर, ते साली आणि त्यापुढे एके राज्यात जे वर्तले ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. लिहिणाराचेही पुसू नये. त्याची भाकर अजून त्याच धंद्यात आहे.

ते राज्यी घरोघरी भिंतीस एक काच टांगलेली असे आणि सायंकाळी सात वाजले की त्या काचेत खेळ लागे. खेळात एक मोठे घर, घरात एक सोशीक सून, आणि त्या सुनेस छळणारी एक सासू, इतकेच कथानक, आणि ते वर्षानुवर्षे पुरे. रयत दिवसभर राबून येई आणि मग वरणभाताचे ताट मांडीवर घेऊन त्या सासूस शिव्या देई, आणि शिव्या दिल्या की अन्न अंगी लागे. या खेळाचे सूत्रधार भिकाजीपंत गुळवे. गृहस्थ हुन्नरी, मनाचा निर्मळ, परंतु स्वभावे चिडका; चहा गार आला तर चिडे, गरम आला तर जीभ भाजली म्हणून चिडे. त्यास कारणही होते. रोज एक भाग शिजवून हुजुरांकडे, म्हणजे ज्यांची काच त्या धन्यांकडे, रवाना करावा लागे, त्यास सण नाही आणि सुतक नाही. "रोज एका मुलीचं लग्न लावतोय मी," ऐसे पंत म्हणत, "आणि रोज वऱ्हाडी तेच, आणि रोज रुसतात."

सासूचे काम सगुणाबाई मिरजकर करीत. बाई जुन्या रंगभूमीच्या. नाटकांचे दौरे करून, गाडीत सामानाचे ट्रंकांवर झोपून, पुढे काचेत आल्या. आवाज ऐसा की शेवटल्या रांगेत पेंगणाराची झोप उडावी, आणि मुद्रा ऐशी की नुसती डावी भुवई चढविली की राज्यातल्या सुनांच्या हातून भांडी पडावी. स्वतः बाई मायाळू; छावणीत, म्हणजे ज्यास ते लोक सेट म्हणतात तेथे, साऱ्यांस घरचा मोरावळा आणून चारीत. परंतु शिवी हेच त्या बक्षीस मानीत. मंडईत बायकांनी घेरून "का हो छळता त्या पोरीला? तुम्हाला लेकी नाहीत का?" ऐसे दटाविले, की बाई घरी येऊन मीठमोहऱ्यांनी आपली आपणच दृष्ट काढीत आणि पंतांस फोन करीत, "आज दोघींनी शिव्या दिल्या, पंत. एक तर रडली. चालतंय अजून माझं." यजमान निवर्तलेले, लेक सातासमुद्रापलीकडे, शिव्या देणारी रयत हाच काय तो बाईंचा गोतावळा.

ऐशात त्या साली पाडव्याचे सुमारास रोग आला. रोग डोळ्यास दिसेना, परंतु शिंकेवरून, खोकल्यावरून, मिठीवरून पसरे. मग सरकारातून हुकूम सुटला की कोणी घराबाहेर पडू नये, कोणी कोणास शिवू नये, तोंडे बांधावी. नाटकगृहांस कुलपे पडली आणि आत उंदीर पडदे खाऊ लागले, तमाशाचे फड ऐन जत्रांचे दिवसांत राहुट्या गुंडाळून बसले, बँडवाले भाजी विकू लागले, आणि नामांकित नट गॅलरीत उभे राहून थाळ्या बडवू लागले. किती घरी माणूस गेले आणि तोंडही पाहावयास मिळाले नाही. ते दुःख मोठे आणि ते लिहावयास दुसरा हात पाहिजे. हा हात खेळाचे लोकांपुरताच आहे. त्या काळी धंदा चालला तो एका दवंडीवाल्यांचा. हे लोकही काचेतच राहतात आणि वर्तमान सांगणे म्हणजे ओरडणे ऐसे समजतात. सकाळी ते गरम पाणी प्या म्हणून ओरडत, दुपारी गरम पाण्याने काही होत नाही म्हणून ओरडत, आणि रात्री दोन वैद्य समोरासमोर बसवून दोघांसही बोलू देत नसत. रयत भिऊन काच बंद करी, मग बंद काचेकडे पाहून अधिक भिई, आणि पुनः लावी.

भिकाजीपंत घरी बसले. घरी पंतांचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता, खुद्द पंतांसही नव्हता. कुटुंबाने भांडी घासावयास बसविले तर पंत म्हणाले, "इथे उजेड नीट पडत नाही." त्यावर कुटुंब म्हणाले, "उजेडाचं राहू द्या, आधी तळ घासा." इतक्यात हुजुरांचे वकील हैबतराव यांचा निरोप आला. हे हैबतराव म्हणजे हुजूर जे मनात आणीत ते मुखाने बोलणारे. स्वतःचे मन त्यांनी नोकरीत लागतेवेळीच गहाण टाकिले होते. निरोप ऐसा की, काच रिकामी ठेवू नये, प्रत्येक नटाने आपापले घरी उभे राहून आपापले काम मोबाइलात टिपून धाडावे, आणि पंतांनी ते जोडून खेळ करावा. मग पंतांनी तेही केले. सुनेचे काम करणारी कुमुदिनी आपले स्वयंपाकघरात उभी राहून रडली, तो ऐन हुंदक्यास कुकरची शिट्टी जाहली. तिचे नवऱ्याचे काम करणारा गडी गावी अडकला होता, तो गोठ्याजवळ उभा राहून "मी तुला सोडून कुठंच जाणार नाही" म्हणाला, आणि मागे गाय हंबरली. सारे जोडून पाहिले तर बायको डावीकडे पाहून रडते आणि नवराही डावीकडेच पाहून समजूत घालितो, जणू उभयतांचे बाजूस तिसराच कोणी उभा आहे. पंतांनी कपाळावर हात मारिला आणि म्हणाले, "याहून तो रोगावरचा काढा बरा." आणि काढा प्याले.

काही महिन्यांनी सरकार नरम जाहले आणि छावणीत खेळ करावयाची परवानगी निघाली. परंतु कलमे ऐशी की वाचता वाचता दात पडावे. दारात शिपाई कपाळावर पिस्तूल रोखून ज्वर मोजी, मग आत सोडी. रंगभूषा करणारे पांढरे चिलखत लेवून येत, त्यांचे डोळे तेवढे दिसत, आणि कुमुदिनीस वाटे की आपणांस शस्त्रक्रियेस नेत आहेत. नवराबायकोंनी हात धरू नये. मायलेकरांची बारा वर्षांनी भेट आणि मध्ये एक म्हैस उभी राहील इतके अंतर. हे सारे पंतांनी चिडत चिडत सोसले. परंतु शेवटले कलम ऐसे होते की पासष्टीचे वरील कोणी छावणीत पाऊल घालू नये. वकिलांनी सगुणाबाईंस फोन लाविला. बाई म्हणाल्या, "मग मला काय त्याचं? मी अठ्ठावन्न." वकील म्हणाले, "बाईसाहेब, तुमची एकसष्टी आपण इथेच केली. मोठा फलक लावला होता. पेढे मी वाटले. आणि त्याला पाच वर्षं झाली." बाई म्हणाल्या, "तेव्हा वाढवून सांगितलं होतं. मानासाठी." वकिलांस ते पटले नाही.

मग वकील पंतांस म्हणाले, "सोपं आहे. फोटोला हार घालून टाका." त्या धंद्याची रीतच ऐसी होती. नट सोडून गेला की दिवाणखान्यात त्याची तसबीर लागे, तीस हार पडे, सून पदराने डोळे टिपी, आणि दुसरे दिवशी खेळ पुढे. कितीक चुलते आणि आत्या त्या भिंतीवर गेल्या होत्या आणि पुढे दुसरे खेळात जिवंत सापडल्या होत्या, त्याचे कोणास सुखदुःख नसे. परंतु त्या साली खऱ्याच भिंतींवर खरेच हार पडत होते. सायंकाळी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "पंत, तुम्ही मला मारणार आहात असं कळलं," बाई म्हणाल्या. "मी इथं एकटी आहे. उठल्यापासून घसा खवखवतोय का तेवढंच बघते. माझी लेक तिकडं रोज तो खेळ लावते, आई दिसते म्हणून. तिनं तो हार बघायचा?" पंत आधी वकिलांवर चिडले, मग स्वतःवर. म्हणाले, "बाई, मी आहे तोवर तुमच्या फोटोला हार पडायचा नाही. आणि ज्या दिवशी परवानगी निघेल त्या दिवशी पहिला सीन तुमचा. चेहऱ्यावर." बाई म्हणाल्या, "शब्द?" पंत म्हणाले, "शब्द."

शब्द देणे सोपे. पंत म्हणाले, सासू तीर्थयात्रेस गेली दाखवू. वकील म्हणाले, देवळेही बंद आहेत. पंत म्हणाले, सासू आजारी पडली दाखवू; वकील म्हणाले, आजाराचे नाव नको, रयत दवंडीवाल्यांकडे पळते. पंत म्हणाले, सासूची स्मृती गेली दाखवू; वकील म्हणाले, "स्मृती गेली तरी तोंड दाखवावं लागतं की नाही?" ऐशा वादात चार दिवस गेले आणि बाईंचे फोन वाढले. एके दुपारी छावणीत तालीम चालली असता बाईंचा पुनः फोन आला आणि रागे भरणे सुरू जाहले, तेव्हा पंतांनी वैतागून मोबाइल तैसाच बोलता ठेवून देवघराचे खोलीत टाकिला आणि दार ओढून घेतले. तो दाराआडून आवाज आला, "ती कुमुदिनी पाय पसरून बसली असेल! सासरी बसलीस का माहेरी? ऊठ आधी!" आणि कुमुदिनी, जी खरोखरच पाय पसरून बसली होती, ती धडपडून उभी राहिली आणि डोईवर पदर घेती जाहली. सारी छावणी हसली. पंत हसले नाहीत. ते दाराकडे पाहत राहिले.

मग खेळात ऐसे लिहिले की सासूबाई अनुष्ठानास बसल्या आहेत; घरावरचे संकट टळेतो देवघराबाहेर येणार नाहीत, तोंड दाखविणार नाहीत, परंतु बोलतील. सुताराने देवघराचे जुने पातळ दार काढून चांगले दोन फळ्यांचे, पितळी कड्यांचे दार बसविले. बाईंनी घरी भाद्रपदाचे उकाड्यात डोक्यावरून गोधडी घेऊन, आत मोबाइल धरून, बाहेरचा गलबला येऊ नये म्हणून पंखा बंद करून, संवाद म्हणावे आणि धाडावे. एकेकदा गोधडीतून बाहेर येत तो घेरी येई. एकदा मागे गॅसच्या टाकीवाल्याची हाक गेली, ती पंतांनी कापिली. एकदा पोपटांचा कलकलाट गेला, तो राहू दिला, तर रयत म्हणू लागली की देवघरामागे बाग आहे. वकिलांनी कपाळास आठ्या घातल्या आणि म्हणाले, "दारावर कोण चिडणार? आठवडाभर बघू, मग हार."

त्या धंद्यात दर गुरुवारी कौल लागे, म्हणजे कोणता खेळ किती घरी पाहिला याचे वर्तमान हुजुरांकडे येई. त्या गुरुवारी कौल आला तो ऐसा की वकील स्वतः पेढे घेऊन आले. रयत वेडावली होती. बाईंचे तोंड दिसत होते तेव्हा रयतेस ती एक सासू होती. दार बंद जाहले आणि घरोघरच्या सुनांनी आपापली सासू त्याचे आड नेऊन बसविली. ज्यांस सासू नव्हती त्यांनी कचेरीतला साहेब बसविला. मग दारास मान चढला. दार दिसावयाचे आधी नगारा वाजे. दार तीन वेळा दाखवीत, एकदा दुरून, एकदा जवळून, एकदा कडीसकट, आणि प्रत्येक वेळी वीज कडाडे. कुलूपवाले सावकार आले, रंगवाले आले, वाळवीचे औषधवाले आले, आणि प्रत्येकाने आमचे नावे दार एकदा पुसावे म्हणून विनंती केली. छावणीत नवीन येणारा नट आधी दाराचे पाया पडे. कॅमेरा धरणारा नागोजी, चाळीस वर्षांचा मुरलेला गडी, तो सांगे की, "पंत, दाराला वाईट बाजूच नाही. कुठूनही घ्या, चांगलंच दिसतं. आणि नखरा नाही." पंत चिडून म्हणत, "अरे, बोलतंय कोण?" नागोजी म्हणे, "ते आहेच. पण दिसतं दार ना."

वर्षअखेर हुजुरांनी सन्मान केले. समारंभही काचेतच, ज्याने त्याने घरी बसून टाळ्या वाजवावयाच्या. दुष्ट पात्राचा सन्मान दारास मिळाला. दोघा हमालांनी दार उचलून व्यासपीठावर आणिले, त्यास शाल पांघरली, आणि वकिलांनी दाराचे वतीने चार शब्द बोलून दाखविले. आभारांत सुताराचे नाव आले, रंगाऱ्याचे आले, हुजुरांचे तीनदा आले. सगुणाबाई घरी जरीचे लुगडे नेसून काचेपुढे बसल्या होत्या. त्यांचे नाव यावयाचे आधीच जाहिरात लागली. पंतांनी वकिलांस फोन करून जे सुनाविले ते लिहिण्याजोगे नाही. वकील म्हणाले, "अहो, वेळ कमी पडला. दाराला आत आणायलाच किती वेळ गेला बघा."

दुसरे दिवशी बाई मंडईत गेल्या. तोंडास मुसके बांधलेले, डोळे तेवढे उघडे. कोथिंबिरीचे गाड्याशी दोघी बाया बोलत होत्या, "काल काय बोलली गं ती दारातली! अगदी आमच्या सासूबाई. मेलीचा मुडदा बसवला." बाईंचे काळीज सुपाएवढे जाहले. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "मीच ती!" आणि ओळख पटावी म्हणून मुसके खाली ओढून डावी भुवई चढविली. दोघी चार पावले मागे सरल्या. एक म्हणाली, "मावशी, आधी तोंडावर घ्या ते! या वयात काळजी घ्यावी." आणि भाजीवाल्याने लांबूनच पिशवी सरकविली. बाईंनी घरी जाऊन पंतांस सांगितले, "पंत, कोणी ओळखलं नाही. मुसक्यामुळं ओळखलं नाही असं वाटलं, म्हणून ते काढलं. तरी नाही. त्या दाराला ओळखतात आता." पंत म्हणाले, "थोडे दिवस, बाई. एकदा तुम्ही पडद्यावर दिसलात की झालं." बाई म्हणाल्या, "मला लवकर बोलवा. मी नुसती बोलत राहिले तर मीच माझं तोंड विसरेन." पंतांस त्या रात्री जेवण गेले नाही. कुटुंबाने विचारिले तर भाजी खारट म्हणाले. ती अळणी होती.

रोग एकदा ओसरला, पुनः चढला, लोकांस दुप्पट रडवून गेला, आणि दंडात सुया टोचून घेतल्यावर हळूहळू मागे हटला. मग सरकारातून हुकूम निघाला की वृद्धांसही कामावर मुभा आहे. पंतांनी ते वर्तमान वाचिले आणि चहा न पिता बाईंस फोन केला. दुसरे दिवशी सगुणाबाई छावणीत आल्या त्या हिरवे काठपदर नेसून, नथ घालून, केसांस कलप लावून, हातात मोरावळ्याची बरणी घेऊन. नेहमी गाडीतून उतरताच रंगभूषेवाल्यांवर ओरडत. आज ओरडल्या नाहीत, साऱ्यांची नावे घेऊन चौकशी केली. पंतांनी भाग लिहून ठेविला होता. अनुष्ठान संपते, दार उघडते, सासू बाहेर येते, सुनेसमोर उभी राहते, आणि भुवई चढविते. इतकेच. इतक्यात हैबतराव आले आणि पंतांस बाजूस घेऊन म्हणाले, "दार उघडायचं नाही. हुजुरांनी रयतेत विचारणा केली. लोक म्हणतात, आत कोण आहे ते बघायचं नाही. आमची ती आमची राहू द्या म्हणतात." पंत म्हणाले, "आणि बाई?" वकील म्हणाले, "बाईंना कोण नको म्हणतंय? येऊ द्या की. दारामागे खुर्ची टाकू. घरी त्या गोधडीत बसतात त्यापेक्षा बरं." पंतांचा तोल गेला. म्हणाले, "हैबतराव, दोन वर्षं ती बाई अंधारात बसून तुमची काच चालवतेय. मी शब्द दिलाय. आज दार उघडेल, नाही तर उद्याचा भाग तुम्ही शिजवा." वकिलांस शिजविता येत नव्हते. म्हणाले, "बरं. एकदा घ्या. मी हुजुरांना दाखवतो. ठरवतील ते."

मग सारे आपापले जागी उभे राहिले. आत प्लास्टिकची एक खुर्ची होती, तेथे बाई बसल्या. पंतांनी खूण केली. कुमुदिनी दारापुढे येऊन म्हणाली, "सासूबाई, आता तरी बाहेर या." कडी वाजली, फळ्या उघडल्या, आणि सगुणाबाई बाहेर आल्या. आल्या त्या राणीसारख्या. उंबरा ओलांडून चार पावले पुढे दिवाणखान्याचे मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि डावी भुवई चढविली. आणि काय सांगावे, कोणी त्यांकडे पाहिलेच नाही. कुमुदिनी दोन वर्षांचे सवयीने दाराकडेच पाहून रडू लागली. तिचा नवरा दाराकडे हात जोडून उभा. धाकटी जाऊ वाकली ती उंबऱ्याच्या पाया पडली. पंतांनी कॅमेऱ्याचे काचेत पाहिले तर नागोजीने नजर दारावर ऐसी पक्की बांधिली होती की कडीचा खिळा न् खिळा स्वच्छ दिसे आणि पुढे उभी बाई म्हणजे नुसता हिरवा धूर. कोणाचे मनात कपट नव्हते. तेच वाईट जाहले. "अरे बाईंकडे बघा! गाढवांनो, माणूस उभंय समोर!" ऐसे पंत ओरडले, तो त्यांचा आवाज फाटला. सारे गोंधळून वळले आणि बाईंकडे पाहू लागले, आणि त्या नजरेत ओळख नव्हती. मंडईतल्या बाया जैशा पाहत होत्या तैसेच पाहत होते.

हैबतराव म्हणाले, "बघा, मी म्हणालो नव्हतो?" पंत त्यांचे अंगावर धावले असते. परंतु बाईंनी हात वर केला. चढविलेली भुवई त्यांनी खाली आणिली, पदर सावरिला, आणि म्हणाल्या, "पंत, पोरांवर ओरडू नका. त्यांचं चुकलं नाही. पुन्हा घ्या." आणि वळून आत गेल्या आणि दार आपल्या हाताने ओढून घेतले. सारे जागी उभे राहिले. मग दाराआडून आवाज आला. पंतांनी लिहिलेले वाक्य नव्हते ते. बाई म्हणाल्या, "सूनबाई, मी बाहेर येत नाही. तुम्ही सगळी सुखात आहात ना? मग झालं. दिवाबत्ती वेळेवर करा." इतकेच, आणि आवाज चढविलाही नव्हता. कुमुदिनी खरीच रडली, नागोजीने बाहीस डोळे पुसले, आणि वकील म्हणाले, "वा! हाच ठेवा! याला गुरुवारी तोड नाही." सारे टाळ्या पिटिते जाहले, त्या दाराकडे पाहून.

मग जेवणाची घंटा जाहली आणि छावणी रिकामी जाहली. पोळ्या गरम होत्या, सारे भुकेले होते, बोलत हसत गेले. पंत एकटेच उभे राहिले. कितीही चिडावे म्हटले तरी चीड येईना, आणि त्यांचे आयुष्यात ऐसे प्रथमच जाहले. मग ते जाऊन दार उघडते जाहले. आत बाई खुर्चीवर बसल्या होत्या, नथ काढून हातात धरली होती, आणि मांडीवर मोरावळ्याची बरणी तशीच. पंतांस पाहून म्हणाल्या, "सगळे जेवायला गेले का?" पंत म्हणाले, "गेले." बाई म्हणाल्या, "मला कोणी बोलावलं नाही." मग पंत गेले आणि दोन ताटे वाढून घेऊन आले, आणि एक रिकामे खोके पालथे घालून बाईंपुढे बसले. बाईंनी बरणी उघडून दोघांचे ताटात मोरावळा वाढिला. पंत जेवता जेवता रडले आणि ते त्यांनी लपविले नाही. बाई म्हणाल्या, "भात गार होतोय, पंत."

येणेप्रमाणे वर्तमान. हुजुरांनी तोच भाग दाखविला आणि कौल आजवरचा सर्वांत थोर लागला. नाटकगृहे उघडली, राहुट्या उभ्या राहिल्या, बँडवाले पुनः वाजवू लागले, दवंडीवाले दुसऱ्या कशावरून ओरडू लागले. दार बंदच आहे आणि त्याचे आड सगुणाबाई रोज येऊन बसतात. हुजूर म्हणाले घरून बोला, तर बाईंनी ते ऐकिले नाही. छावणीतले जेवण हल्ली दाराआड होते. पंतांनी हुकूमच केला आहे की ज्यास भूक असेल त्याने ताट घेऊन आत यावे. पहिले दिवशी कोणी आले नाही, मग कुमुदिनी आली, मग नागोजी आला, आणि आता जागा पुरत नाही म्हणून पंत चिडतात. मर्यादेयं विराजते.